ड्रोनमध्ये सिम कार्ड

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ फुटांवर गेली की धोका, हे आकडे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पाणी धोका पातळीच्याही दहा फुटांहून वर चढलं होतं. अशा वेळी नदीकाठच्या आंबेवाडी-चिखली गावांकडे काय अवस्था आहे हे बघायला ड्रोन हवा, असं कुणालाही वाटेल. पण ड्रोनच्या रिमोटची २.४ गिगाहर्ट्‌झची लहर सरळ रेषेत चालते. ड्रोन लांब जाऊन खाली उतरला, मध्ये झाडी, इमारती किंवा जोतिबाचा डोंगर आला, की संपर्क तुटतो. मग सुचतं ते असं: मोबाईलचं जाळं सगळीकडे आहेच, ड्रोनमध्येच सिम घातलं तर?

घालता येतं, आणि जोडणी वाटते तितकी अवघड नाही. ड्रोनचं उड्डाण सांभाळणाऱ्या पिक्सहॉकसारख्या फ्लाइट कंट्रोलरला सहसा इंटरनेट कळत नाही; तो वायरवरून मॅव्हलिंक नावाच्या भाषेत बोलतो. म्हणून सोबत रास्पबेरी पायसारखा छोटा संगणक आणि त्याला फोरजी मोडेम लावतात. कंट्रोलरची पाठवायची वायर संगणकाच्या घ्यायच्या पिनला, घ्यायची वायर पाठवायच्या पिनला, आणि ग्राउंड दोघांचं एक. वीज मात्र कंट्रोलरकडून घ्यायची नाही. नेटवर्क कमजोर झालं की मोडेम जोर लावतो, एकदम जास्त करंट ओढतो, व्होल्टेज खाली येतं आणि संगणक हवेतच रीस्टार्ट होतो. त्यासाठी बॅटरीवरून ५ व्होल्टचा वेगळा रेग्युलेटर लागतो.

अँटेनाची जागाही हवी तशी चालत नाही. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवर असतात, त्यांचा सिग्नल इथवर येईतो अगदी क्षीण झालेला असतो. जीपीएसच्या अँटेनाशेजारी मोडेम बसवणं म्हणजे कुजबुज ऐकणाऱ्याच्या कानाशी ढोल वाजवणं. शिवाय ड्रोनचा सांगाडा कार्बन फायबरचा असेल तर तो रेडिओलहरी अडवतो. म्हणून जीपीएस वर दांड्यावर आणि मोबाईलचा अँटेना सांगाड्याच्या खाली, मोकळा. असा ब्रॅकेट कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखान्यांत कुणीही करून देईल.

खरी डोकेदुखी पत्त्याची. सिमला मिळणारा आयपी पत्ता बहुधा बाहेरून गाठता येत नाही, कारण कंपन्या हजारो ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्याआड ठेवतात. तुम्ही लॅपटॉपवरून ड्रोनला हाक मारू शकत नाही. ड्रोननेच आधी बाहेर संपर्क करायला हवा. वायरगार्डसारखं व्हीपीएन लावून दोघांना एका खासगी जाळ्यात आणलं की लॅपटॉपवरच्या मिशन प्लॅनर या ड्रोन हाताळायच्या सॉफ्टवेअरवर ड्रोन दिसू लागतो. डेटाची काळजी नको. ड्रोनची माहिती जमिनीवर पाठवणारे नेहमीचे टेलिमेट्री रेडिओ सेकंदाला जेमतेम साडेपाच किलोबाइट वाहून नेतात आणि तेवढ्यात भागतं. डेटा खातो तो व्हिडिओ.

इथपर्यंत जमलं की लोक खूश होतात. माझ्या मते अवघड भाग इथून पुढे सुरू होतो.

मोबाईलचं जाळं जमिनीवरच्या माणसांसाठी बांधलेलं आहे. टॉवरवरचे अँटेना काही अंश खाली झुकवलेले असतात. ड्रोन शंभर मीटरवर गेला की मुख्य झोताच्या वर निघतो आणि बाजूने सांडणाऱ्या लहरींवर त्याचं चालतं. पण वर आडोसा काहीच नसल्याने अशा लहरी लांबलांबच्या टॉवरांवरून येत राहतात. म्हणजे तिथे टॉवर कमी पडत नाहीत, जास्त होतात. ते सगळे बऱ्याचदा एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलतात, त्यामुळे एकाचा सिग्नल दुसऱ्यासाठी गोंगाट ठरतो. पडद्यावर सिग्नलच्या दांड्या भरलेल्या आणि डेटा मात्र अडकलेला, असं होतं. मोडेम या टॉवरवरून त्या टॉवरवर उड्या मारत बसतो. उलट दिशेनेही त्रास आहेच: ड्रोनचं प्रक्षेपण खालच्या अनेक टॉवरांना एकदम ऐकू जातं. म्हणून मोबाईलची जागतिक मानकं ठरवणाऱ्या थ्रीजीपीपीने रिलीज १५ मध्ये उडणाऱ्या उपकरणांसाठी खास सोयी घातल्या. उपकरणाने आपली उंची कळवणं ही त्यांपैकी एक.

पुरात तर आणखी एक भर. वीज गेली की टॉवर बॅटरीवर आणि डिझेलवर चालतात, आणि रस्ते बंद असताना डिझेल पोचत नाही. दोन कंपन्यांची दोन सिमं घातली तरी दोघींचे अँटेना एकाच मनोऱ्यावर असू शकतात. थोडक्यात, संपर्क तुटणार हे धरूनच चालायचं.

म्हणून कंट्रोलरवर चालणाऱ्या अर्डूपायलट या सॉफ्टवेअरमधली जमिनीवरच्या स्टेशनची, म्हणजे लॅपटॉपची, फेलसेफ सेटिंग (संपर्क तुटला तर काय करायचं ती) उघडून बघा; ती बंदही असू शकते. चालू केल्यावर, लॅपटॉपकडून दर सेकंदाला येणारा ‘मी आहे’ हा संदेश मूळ सेटिंगप्रमाणे ५ सेकंद आला नाही, की ड्रोन निघाल्या जागी परततो. परतीची उंची मुळात १५ मीटर असते. उसावरून ती पुरते, नारळाच्या झाडावरून किंवा टॉवरजवळून पुरेलच असं नाही. आणि ड्रोन बोटीवरून सोडला असेल तर? बोट पुढे गेली, ‘निघाल्या जागी’ आता नुसतं पाणी आहे, आणि ड्रोन इमानेइतबारे तिथेच उतरेल. अशा वेळी कोरड्या जागेचा रॅली पॉइंट, म्हणजे परतायची पर्यायी जागा, आधीच टाकून ठेवावा लागतो.

कायद्याचंही बघावं लागतं. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगी लागते, ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत मोकळीक आहे. कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ जवळ असल्याने डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळावरचा नकाशा आधी बघायलाच हवा. नजरेआड उडवायचं तर वेगळी परवानगी, सिम असो वा नसो.

चाचणी मात्र नजरेसमोर होते. मोकळं मैदान, रिमोट हातात, ड्रोन अंगावर येणार नाही इतका लांब तरंगता. लॅपटॉपचं नेट बंद करायचं आणि पाच मोजायचे. परत फिरला नाही तर रिमोटने खाली घ्या आणि सेटिंग पुन्हा उघडा.