सुरळीत प्रशासन आणि सुशासन: तरुणांना नेमके काय शिकवायचे?

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या तरुणांना ‘सुशासन म्हणजे काय’ असे विचारले, की उत्तरात बहुधा वेळेवर मिळणारे दाखले आणि तत्पर अधिकारी येतात. हे वर्णन सुरळीत प्रशासनाचे झाले. संयुक्त राष्ट्रांच्या आशिया-पॅसिफिक आयोगाने सुशासनाची जी आठ लक्षणे सांगितली आहेत, त्यांत कार्यक्षमता हे केवळ एक आहे. लोकसहभाग, कायद्याचे राज्य, पारदर्शकता, प्रतिसादक्षमता, सहमती, समन्याय आणि उत्तरदायित्व ही उरलेली सात.

नवी मुंबईतील धारण तलावांकडे पाहिले, तर हा फरक डोळ्यांसमोर येतो. शहराचा बराच भाग मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली असल्याने सिडकोने हे तलाव बांधले. भरतीला झडपा मिटतात, पावसाचे पाणी तलावात थांबते आणि ओहोटी लागली की खाडीत जाते. कालांतराने तलावांत गाळ साचला आणि त्यावर खारफुटी उगवली. आता निविदा केव्हा काढायची, गाळ पावसाळ्यापूर्वी निघेल का, हे प्रशासनाचे प्रश्न आहेत आणि ते मुळीच दुय्यम नाहीत, कारण अतिवृष्टी व भरती एकाच वेळी आल्यास तळमजल्यावरच्या घरात पाणी शिरते. सुशासनाचा प्रश्न मात्र त्याआधीचा आहे: मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये राज्यभरातील खारफुटीच्या तोडीवर बंदी घातलेली असताना हा निर्णय कोणी, कोणत्या परवानगीने घ्यायचा, खाडीवर पोट असलेल्या कोळ्यांचे म्हणणे कोण नोंदवणार, आणि काढलेला गाळ कोणाच्या दारात पडणार? शाश्वत विकासाची चर्चाही इथूनच सुरू होते, कारण गाळ एकदा काढून भागत नाही. तो पुन्हा साचतो.

तरुणांना हे शिकवण्याचे प्रयत्न ठिकठिकाणी झाले आहेत. जपान सरकारने २००१ मध्ये तरुण अधिकाऱ्यांसाठी ‘यंग लीडर्स प्रोग्रॅम’ सुरू केला. सिंगापूरच्या ली कुआन यू स्कूलमध्ये सार्वजनिक धोरण आणि लोकप्रशासन हे दोन वेगळे पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत. ही विभागणी मला फार मोलाची वाटते. ठाण्यातही महापालिकेची प्रशासकीय प्रशिक्षण संस्था चिंतामणराव देशमुखांच्या नावाने चालते. शासकीय सेवेसाठी १९५९ चा रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळालेल्या या केंद्रीय अर्थमंत्र्याने १९५६ मध्ये मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याच्या प्रश्नावर राजीनामा दिला होता, हेही विद्यार्थ्यांना आवर्जून सांगायला हवे.

परीक्षा नियमांचे ज्ञान तपासते आणि ते आवश्यकच आहे. पण माझे आग्रहाचे म्हणणे असे, की नेतृत्वाच्या प्रत्येक वर्गाने एकदा भरतीच्या वेळी धारण तलावाच्या काठी उभे राहावे आणि प्रशिक्षणार्थ्यांकडून दोन टिपणे लिहून घ्यावीत, एक कामाच्या वेळापत्रकाचे आणि दुसरे निर्णयप्रक्रियेचे. पहिले वर्गात बसून लिहिता येईल. दुसऱ्यासाठी त्यांना नवी मुंबईतल्या दिवाळे कोळीवाड्यात जावे लागेल, खारफुटीची राखण करणाऱ्या वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे विचारणा करावी लागेल आणि दोघांचे म्हणणे जुळत नसेल, तर ते तसेच नोंदवावे लागेल.