पाठ फिरवून घेतलेला झेल

29 सप्टेंबर 1954. न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा, पहिला सामना. जायंट्स आणि क्लीव्हलँड इंडियन्स 2-2 बरोबरीत, आठवा डाव चालू, क्लीव्हलँडचे धावपटू पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर, बाद कुणीच नाही. व्हिक वर्ट्झने चेंडू असा हाणला की तो थेट सेंटर फील्डरच्या, म्हणजे मैदानाच्या मधल्या मागच्या भागातल्या क्षेत्ररक्षकाच्या, डोक्यावरून मागे निघाला. बऱ्याच मैदानांत तो प्रेक्षकांत पडला असता. पोलो ग्राउंड्स मात्र घोड्याच्या नालेच्या आकाराचं. बाजूच्या सीमा हाकेच्या अंतरावर, मधली सुमारे 147 मीटरवर. त्या मोकळ्या जागेत जायंट्सचा सेंटर फील्डर, 23 वर्षांचा विली मेज, चेंडूकडे पाठ करून धावत सुटला आणि फलंदाजापासून साधारण 128 मीटरवर, खांद्यावरून पुढे येणारा चेंडू त्याने दोन्ही हात पसरून झेलला.

झेल घेणारा खेळाडू चेंडू कुठे पडेल याचं गणित मनात मांडतो, असं आपण धरून चालतो. पण हवेच्या विरोधामुळे चेंडूचा मार्ग पाठ्यपुस्तकातल्या पॅराबोलासारखा राहत नाही; चढताना तो लांबट असतो आणि उतरताना जास्त उभा. असं गणित धावता धावता कोण सोडवणार?

1968 मध्ये सेव्हिल चॅपमन या भौतिकशास्त्रज्ञाने सोपा मार्ग दाखवला. समोर एक उभी काच आहे आणि चेंडूची प्रतिमा तिच्यावर वर सरकते आहे, असं समजा. प्रतिमा एकसारख्या वेगाने चढत असेल तर तुम्ही योग्य जागी आहात. तिचा वेग वाढत गेला तर चेंडू डोक्यावरून जाणार, मंदावला तर पुढ्यात पडणार. खेळाडूने इतकंच करायचं: तो वेग एकसारखा दिसेल अशा बेताने पुढे-मागे धावायचं. अंतर, कोन, वारा, काहीही माहीत असायची गरज नाही. चॅपमनने हवेचा विरोध हिशेबात धरला नव्हता, पण धावताना सतत दुरुस्ती होत असल्याने युक्ती तरीही चालते. 1995 मध्ये मायकेल मॅकबीथ आणि सहकाऱ्यांनी खेळाडूच्या खांद्यावर कॅमेरा बसवून पाहिलं आणि वेगळा नियम मांडला: चेंडूचा दिसणारा मार्ग सरळ रेषेत राहील असं खेळाडू धावतो. यातलं नेमकं खरं कोणतं, यावर शास्त्रज्ञांमध्ये बराच वाद झाला. पण दोन्ही नियमांना एक अट लागतेच: नजर चेंडूवर हवी.

1983 च्या विश्वचषक अंतिम सामन्यात मागे धावत रिचर्ड्सचा झेल घेणाऱ्या कपिल देवची नजर चेंडूवरच होती. मेजने मात्र नजर काढून घेतली, आणि म्हणूनच हा झेल मला विलक्षण वाटतो. सरळ डोक्यावरून जाणारा चेंडू आधीच सगळ्यात अवघड, कारण बाजूने दिसणारी वक्रता तिथे नसते. मग बॅटचं फिरणं, आघाताचा आवाज आणि उड्डाणाचा पहिला क्षण, एवढ्यावरच अंदाज बांधावा लागतो. आवाजालाही शंभर मीटर यायला 0.3 सेकंद लागतात. चेंडूचं सुरुवातीचं उड्डाण दाखवून तो कुठे पडेल विचारलं, तर माणसं सहसा चुकतात. मेजचा अंदाज इतका पक्का होता की जोरात धावण्यासाठी त्याने पाठ फिरवली आणि शेवटी फक्त मान वर करून पाहिलं.

झेलाइतकीच, माझ्या मते त्याहून जास्त, दाद त्यानंतरच्या फेकीला द्यायला हवी. तो होम प्लेटपासून, म्हणजे फलंदाजाच्या जागेपासून, दूर धावत होता, म्हणजे त्याच्या धावण्याचा वेग फेकीच्या वेगातून सरळ वजा होणार. त्याने थांबता थांबता सगळं शरीर गरकन फिरवलं, टोपी उडाली, तोल गेला, पण चेंडू आत आला. दुसऱ्या बेसवरचा लॅरी डोबी एवढ्या लांबच्या झेलानंतर धावत एरवी होम प्लेटवर पोहोचून धाव काढू शकला असता. तो तिसऱ्यावरच अडकला. त्या डावात क्लीव्हलँडला धाव मिळाली नाही. दहाव्या डावात जायंट्सच्या डस्टी ऱ्होड्सने उजव्या बाजूला जेमतेम 79 मीटरचा फटका मारला. तिथली सीमा इतकी जवळ की तो होम रन ठरला, आणि जायंट्स 5-2 ने जिंकले.