ओल तिथे बुरशी

दिवाळीच्या तोंडावर लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनचं पोतं सुटलं की भावाआधी ओलावा मोजायचं यंत्र पुढे येतं. आकडा १२ टक्क्यांच्या वर गेला की भाव घसरतो आणि हुज्जत सुरू होते. २०२४ च्या हंगामात हमीभावाच्या खरेदीसाठी केंद्र सरकारने ही मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत सैल केली होती. या आकड्याचा आधार घेऊन शेतकऱ्याला नाडलं जात नाही असं मुळीच नाही. पण आकड्यामागचं कारण खरं आहे: दाण्यात पाणी जास्त राहिलं की पोत्यात बुरशी लागते.

बुरशीचे बीजाणू सगळीकडे असतात, मे महिन्यातल्या परभणीच्या फुफाट्यातसुद्धा. ओल मिळेपर्यंत ते नुसते पडून राहतात. त्यामुळे बुरशी हे कोकणचं दुखणं, असा आपला समज. आपल्याकडे मराठवाड्यात पाऊस कमी, हे खरं. पण परतीचा पाऊस नेमका काढणीच्या वेळी गाठतो. खरिपाच्या ज्वारीची कणसं शेतात उभी असताना भिजली की फ्युजेरियम, कर्व्ह्युलॅरिया या बुरशी दाण्यात शिरतात आणि ज्वारी काळी पडते. रब्बीची ज्वारी कोरड्या हवेत पिकते, म्हणून तिचा दाणा पांढरा, टपोरा राहतो.

काळी ज्वारी नुसती दिसायलाच वाईट असती तर गोष्ट वेगळी. १९९५ मध्ये दख्खनच्या पठारावरच्या काही गावांत अवेळी पावसात भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन माणसं पोटदुखीने, जुलाबाने आजारी पडली. त्या धान्यात फ्युजेरियमने सोडलेलं फ्युमोनिसिन हे विष सापडलं. त्याहून भयंकर विष ॲस्परजिलस फ्लेव्हस ही पिवळसर हिरवी बुरशी तयार करते. त्याचं नाव अफ्लाटॉक्सिन. १९६० मध्ये इंग्लंडात एक लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले. त्यांच्या खाद्यातली भुईमुगाची पेंड बुरशीने नासलेली होती. १९७४ मध्ये राजस्थान आणि गुजरातच्या आदिवासी गावांत बुरसटलेला मका खाऊन ३९७ जणांना यकृताचा आजार झाला, त्यातले १०६ दगावले. थोडंथोडं हे विष वर्षानुवर्षं पोटात गेलं तर यकृताचा कर्करोग होऊ शकतो.

भाकरी तव्यावर भाजली की बुरशी मरते. अफ्लाटॉक्सिन मात्र स्वयंपाकाच्या आचेला फारसं दाद देत नाही. दूध उकळूनही ते जात नाही. हो, दुधातही ते येतं. ओल्या जागी ठेवलेली सरकी पेंड बुरसटली आणि म्हशीपुढे टाकली, की त्या विषाचा काही अंश बदललेल्या रूपात दुधात उतरतो. ‘माणसाला चालणार नाही, जनावराला घाला’ हा आपल्याकडचा हिशेब इथे साफ चुकतो.

दिलासा एवढाच की हे विष पोत्यात सारखं पसरलेलं नसतं. भुईमुगात ते बहुतेक करून थोड्याशा काळपट, सुरकुतलेल्या, किडक्या दाण्यांत साठलेलं असतं. शेंगदाणे निवडत बसणाऱ्या बायका म्हणूनच नुसता कचरा काढत नसतात. बाजरीच्या बियाण्यासाठीही अशीच साधी युक्ती आहे: १० लिटर पाण्यात २ किलो मीठ विरघळवून त्यात बियाणं टाकायचं. अरगट बुरशीच्या गाठी आणि पोचट दाणे वर तरंगतात, ते काढून टाकायचे आणि खाली राहिलेलं बियाणं धुऊन सावलीत वाळवायचं.

पेवात तर बुरशीला तिच्याच श्वासाने कोंडलं जायचं. गावच्या पांढरीत खणलेल्या पेवाला आतून कडबा लावून ज्वारी भरत आणि तोंड लिंपून टाकत. दाणे, किडे आणि बुरशी मिळून आतला ऑक्सिजन संपवत, कार्बन डायऑक्साइड साठे आणि मग किडे मरत, बुरशीची वाढ खुंटे. भिंतीलगतची, ओल लागलेली ज्वारी तेवढी खराब व्हायची. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, हा नियमही त्यामुळेच; घाई केलेली माणसं गुदमरून मेली आहेत.

आता दुसरी बाजू. पावसाळी, दमट हवा टिकली की सोयाबीनच्या पानांवर अळ्या चिकटून मेलेल्या दिसतात, आधी पांढऱ्या, मग फिकट हिरव्या. नोमुरिया रिलेयी ही बुरशी अळीच्या कातडीतून आत शिरते आणि तिला आतून खाते. फवारणी न करता. तूर आणि हरभऱ्याला मर रोग आणणारी फ्युजेरियम मातीत असते, तिला दाबणारी ट्रायकोडर्माही बुरशीच. म्हणून पेरणीआधी बियाण्याला ती चोळतात. पऱ्हाट्या आणि तुराट्यांतलं कठीण लिग्निन कुजवून मातीला परत देण्याचं बरंचसं काम बुरशी करते. कांद्याच्या सालीखालची काळी पूड म्हणजे ॲस्परजिलस नायजर. २०२१ मध्ये तिलाच म्युकरमायकोसिस समजून लोकांनी कांदे फेकले. त्या आजाराची बुरशी वेगळी आणि तो मुख्यतः अनियंत्रित मधुमेह, स्टेरॉइड अशा कारणांनी बळावला. सरबतात घालतो ते सायट्रिक ॲसिड मात्र कारखान्यात याच नायजरकडून करून घेतात.

घरात बुरशी धान्याइतकीच भिंतीवरही भेटते. माळवद गळतं, स्लॅबला भेग पडते, गच्चीवरची टाकी पाझरते. २०२५ च्या सप्टेंबरात धाराशिव, बीड, लातूरकडे पूर आला, तेव्हा कितीतरी घरांच्या भिंती भिजल्या. भिंतीवर पांढरं काही दिसलं तर आधी पाण्याचा थेंब लावून बघावं: विरघळलं तर तो खार आहे, बुरशी नव्हे. बुरशीला कुबट वास येतो आणि डाग बहुतेकदा काळे-हिरवे असतात. दम्याच्या माणसाला हे बीजाणू त्रास देतात. धडधाकट माणसाला सहसा शिंका, खोकला यापलीकडे काही होत नाही. कोरड्या झाडूने ती झाडली तर बीजाणू घरभर उडतात. तोंडाला कपडा बांधून, साबणाच्या पाण्याने पुसावं आणि गळती काढावी. गळती तशीच ठेवून रंग दिला तर पोपडे येणारच.

उन्हाळ्यात ओल आपणच घरात आणतो. खिडक्या बंद करून रात्रभर कूलर चालवला की खोलीची हवा दमट होते आणि कूलरच्या गवताच्या पट्ट्या बुरसटतात. कूलरला खिडकी उघडी लागते, म्हणजे ओली हवा बाहेर जाते. पाणी दोन-चार दिवसांनी बदलावं, आणि वास येऊ लागलेल्या पट्ट्या धुण्याच्या भानगडीत न पडता नव्या घालाव्यात.