अंजनी

सह्याद्रीच्या माथ्यावरील सदाहरित रानात वाढणारे झुडूप किंवा लहान वृक्ष. शास्त्रीय नाव मेमेसिलॉन अंबेलॅटम, कुल मेलॅस्टोमॅटेसी. डच वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलास बर्मन यांनी १७६८ मध्ये या जातीचे वर्णन केले. महाराष्ट्रापासून केरळपर्यंतचा पश्चिम घाट, तमिळनाडू आणि श्रीलंका येथे ती आढळते. काही भागांत हिला अंजन असेही म्हणतात. मात्र खानदेश-विदर्भातला अंजन हा कोरड्या रानातला पानझडी वृक्ष अगदी वेगळा.

पाने समोरासमोर, चिवट, जाड, वरून गर्द हिरवी व तकतकीत. मधली शीर स्पष्ट असते, बाजूच्या शिरा मात्र डोळ्यांना जेमतेम दिसतात. एरवी हे झुडूप कोणाचे लक्ष वेधून घेत नाही. उन्हाळ्यात ते फुलले की चित्र पालटते. फुले शेंड्याला न येता पाने गळून गेलेल्या जागी, जून फांद्यांवर झुबक्यांनी येतात आणि काड्या निळ्या-जांभळ्या गुच्छांनी मढून जातात. एकेक फूल जेमतेम नखाएवढे: चार पाकळ्या, आठ पुंकेसर. मधमाश्यांची तेव्हा झुडपावर झुंबड उडते. आपल्याकडच्या रानात इतका गडद निळा बहर येणारी झाडे फार नाहीत.

फळ गोल, वाटाण्याएवढे, एकबीजी. माथ्यावर निदलपुंजाची (फुलाच्या सर्वांत बाहेरच्या वेढ्याची) कडा मुकुटासारखी टिकून राहते. पिकताना ते काळपट जांभळे होते. बुलबुलासारखे पक्षी ही फळे खातात आणि बी रानभर पसरते.

अंजनीचे खरे मोल तिच्या जागेत आहे. महाबळेश्वर, माथेरान, भीमाशंकर या भागांत चार महिने धो धो पाऊस पडतो, उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे जातात. जांभ्या खडकावर मातीचा थर पातळ, वर भन्नाट वारा. दक्षिणेकडचे उंच सदाहरित वृक्ष अशा ठिकाणी तग धरत नाहीत. इथे अंजनी, जांभूळ आणि पिसा यांचे ठेंगणे, दाट रान उभे राहते. वनशास्त्रज्ञ या वनप्रकाराला याच तिघांच्या नावाने ओळखतात. उघड्या पठाराच्या कडेला अंजनी खुरटी, पिळवटलेली दिसते, तर आडोशाच्या दरीत तिचा चांगला वृक्ष होतो.

जांभ्यात लोहाबरोबर ॲल्युमिनियमही भरपूर असते. मेमेसिलॉन प्रजातीतील वनस्पती मातीतले ॲल्युमिनियम शोषून पानांत साठवतात. बहुतेक पिकांच्या मुळांना अपाय करणारा हा धातू त्यांना मानवतो. पारंपरिक रंगकामात पानांचा पिवळा रंग चटया रंगवायला घेत, तसेच रंग पक्का बसावा म्हणून तुरटीऐवजी पाने वापरीत. तुरटी हाही ॲल्युमिनियमचाच क्षार असल्याने पानांनी तेच काम होई.

लाकूड कठीण व जड असते, त्यामुळे सरपणासाठी अंजनीवर कुऱ्हाड सहज पडते. तोडलेल्या खुंटाला पुन्हा धुमारे फुटतात, म्हणून तिचे काही बिघडत नाही असा समज होतो. तो चुकीचा आहे. फुलोरा जून फांद्यांवर येत असल्याने वारंवार छाटलेले झुडूप हिरवे दिसले तरी पुरेसे फुलत नाही, आणि फूल नाही तर बीही नाही. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ मध्ये आणि माथेरान २००३ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाले. तिथल्या अंजनीला त्याचा आधार आहे. त्या हद्दीबाहेरच्या माथ्यांवर देवराया हाच तिचा मोठा आसरा.