रात्री वर येणारा समुद्रतळ

प्रतिध्वनी ऐकू यायचा तर समोर डोंगर किंवा भिंत, म्हणजे काहीतरी टणक आणि मोठं हवं, अशी आपली शाळेपासूनची समजूत. मग जेमतेम काही मिलिमीटर लांबीचा, अंगात बहुतांश पाणीच असलेला जीव समुद्रात आवाजाने कसा शोधायचा? शोधता येतो. गंमत म्हणजे पहिल्यांदा सापडला तेव्हा तो जीव आहे हेच कळलं नव्हतं.

1942 मध्ये कॅलिफोर्नियाजवळच्या समुद्रात पाणबुड्या हुडकण्यासाठी ध्वनीचे प्रयोग चालू होते. सुमारे 300 मीटर खोलीवरून प्रतिध्वनी येत होता, आणि खरा तळ तर कितीतरी खाली होता. 1945 मध्ये समुद्रजीवशास्त्रज्ञ मार्टिन जॉन्सन यांनी दाखवलं की हा ‘तळ’ संध्याकाळी वर सरकतो आणि पहाटे पुन्हा खाली जातो. तळ असा फिरत नाही, प्राणी फिरतात: अंधारात वर चरायला, उजेडात शिकाऱ्यांच्या नजरेआड खोल. सूर्यग्रहणातही हा प्राण्यांचा थर वर सरकू लागल्याच्या नोंदी आहेत. ग्रहणातल्या घातक किरणांबद्दल छातीठोक बोलणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, इथे एवढंच घडतं की उजेड कमी होतो.

आता खरी मजा. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे 1500 मीटर जातो. त्यामुळे 38 किलोहर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी जवळपास 4 सेंटिमीटर भरते, तर 200 किलोहर्ट्झची साडेसात मिलिमीटर. प्राण्याची घनता आणि त्याच्या अंगातला ध्वनीचा वेग पाण्यापेक्षा थोडा जरी वेगळा असला, तरी तरंगाचा काही अंश मागे फिरतो. किती, ते प्राणी तरंगलांबीच्या तुलनेत केवढा आहे त्यावर ठरतं. तो फारच लहान असेल तर प्रतिध्वनीची तीव्रता वारंवारतेच्या चौथ्या घाताने वाढते. आकाश निळं दिसतं ते भौतिकशास्त्रज्ञ रॅले यांच्या ज्या नियमाने, तोच हा नियम. 38 वरून 200 किलोहर्ट्झवर गेलं की त्याच इवल्याशा जीवाचा प्रतिध्वनी सुमारे 770 पट होतो! मोठ्या माशाच्या बाबतीत हा घात लागू होत नाही, त्यामुळे एवढी उडी दिसत नाही. म्हणून एकाच वेळी दोन-तीन वारंवारता सोडायच्या आणि फरक बघायचा. क्रिलचे (कोळंबीसारख्या छोट्या जीवांचे) थवे माशांपासून वेगळे काढतात ते असेच.

एकच वारंवारता का पुरत नाही? प्रतिध्वनी त्रिज्येच्या सहाव्या घातानेही वाढतो. म्हणजे एका प्राण्याएवढा प्रतिध्वनी द्यायला त्याच्या निम्म्या त्रिज्येचे 64 प्राणी लागतात. पण त्या 64 जणांचं एकूण वजन त्या एकाच्या 8 पट असतं. यंत्राच्या पडद्यावर ठिपका तोच, पाण्यातलं अन्न आठपट.

त्यात वायूचे बुडबुडे घोळ घालतात. सायफोनोफोर नावाच्या जेलीसारख्या प्राण्यांच्या काही जातींत वायूने भरलेली छोटी पिशवी असते. 300 मीटर खोलीवर अर्धा मिलिमीटर त्रिज्येचा सुटा बुडबुडा साधारण 36 किलोहर्ट्झला अनुनाद देतो, म्हणजे त्या वारंवारतेला सगळ्यात जोरात थरथरतो (दाब वाढला की ही वारंवारता दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात चढते). म्हणजे 38 किलोहर्ट्झच्या यंत्राला मोजके बुडबुडेही प्राण्यांचा दाट थर वाटू शकतात. त्यामुळे जाळी आणि कॅमेरे पाण्यात सोडून खात्री करावीच लागते. जाळीही सगळं सांगत नाही, कारण क्रिल तिला चुकवतं आणि जेली तिच्यात फाटून जाते.

मग सरळ 200 किंवा त्याहून वरची वारंवारता का वापरत नाहीत? समुद्राचं पाणी ती फार झपाट्याने शोषून घेतं. 38 किलोहर्ट्झचा ध्वनी किलोमीटरभर खोलवर पोचतो, 200 चा काहीशे मीटरांतच संपतो. खोलातले बारीक जीव पाहायचे तर यंत्रच खाली न्यावं लागतं: दोरीने सोडून, पाण्याखाली फिरणाऱ्या स्वयंचलित ग्लायडरवर बसवून, किंवा वर तोंड करून तळाशी ठेवून.