एमिल झाटोपेक

एमिल झाटोपेक (१९ सप्टेंबर १९२२ – नोव्हेंबर २०००) : चेकोस्लोव्हाकियाचा लांब पल्ल्याचा धावपटू. ऑलिंपिकमध्ये चार सुवर्ण व एक रौप्य, आणि निरनिराळ्या अंतरांवर मिळून अठरा विश्वविक्रम त्याच्या नावावर आहेत. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्याने ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन या तिन्ही शर्यती जिंकल्या. एकाच ऑलिंपिकमध्ये ही तिन्ही सुवर्णपदके दुसऱ्या कोणालाही मिळवता आलेली नाहीत.

मोराव्हियातील कोप्रिव्हनित्से या गावी एका सुताराच्या घरात त्याचा जन्म झाला. सोळाव्या वर्षी तो झ्लिन येथील बाटाच्या बूट कारखान्यात कामाला लागला. (आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या शाळेचे बूट ज्या नावाने घेतले गेले, तेच हे बाटा.) कारखान्याच्या क्रीडाशिक्षकाने १९४१ साली काही मुलांना गावातल्या शर्यतीत उतरायचे फर्मान सोडले. एमिलने आपली तब्येत बरी नसल्याचे सांगून पाहिले, पण डॉक्टरांनी तपासून त्याला धडधाकट ठरवले. नाइलाजाने धावलेला हा मुलगा दुसरा आला आणि मग सरावाला नियमित येऊ लागला. १९४४ मध्ये २,०००, ३,००० व ५,००० मीटरचे राष्ट्रीय विक्रम त्याने केले. युद्ध संपल्यावर तो लष्करात दाखल झाला.

त्याची कारकीर्द समजायची तर आधी त्याचा सराव पाहायला हवा. त्या काळी लांब पल्ल्याचे धावपटू सरावातही लांब अंतर सावकाश धावत. झाटोपेकचा हिशेब उलटा होता. सावकाश धावता येतेच, शिकायचे आहे ते वेगाने धावायला, असे त्याचे म्हणणे. म्हणून तो २०० आणि ४०० मीटरचे तुकडे वेगाने धावे आणि दोन तुकड्यांच्या मध्ये साधारण २०० मीटर हळू पळे. तेवढीच त्याची विश्रांती. सुरुवातीला ४०० मीटरचे वीस तुकडे असत, पुढे चाळीस झाले, काही दिवस तर त्याहूनही जास्त. लष्करी बूट घालून, बर्फात, रात्री अंधारातही हा सराव चाले. अशा खंडित सरावाचे प्रयोग जर्मनीत नाडीचे ठोके मोजून आधीच झाले होते, त्यामुळे ही पद्धत त्याने शोधली असे म्हणणे बरोबर नाही. मात्र इतक्या प्रचंड प्रमाणात ती करूनही माणूस मोडत नाही, उलट जिंकतो, हे जगाला त्याच्यामुळे कळले.

धावताना तो पाहवत नसे. मान एका बाजूला कललेली, चेहरा वेदनेने पिळवटलेला, जीभ बाहेर. आता कोसळतो की मग, असे प्रेक्षकांना वाटावे. धावण्याच्या शैलीला गुण मिळू लागले तर शैली सुधारू, असे तो चेष्टेत म्हणे. कमरेखाली मात्र पावले अगदी नेमकी पडत.

१९४६ च्या ऑस्लो येथील युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत ५,००० मीटरमध्ये तो पाचवा आला. दोन वर्षांनी लंडन ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटरसाठी त्याने एक खूण ठरवली होती. प्रत्येक फेरी ७१ सेकंदांच्या हिशेबात बसली तर प्रेक्षागृहातून पांढरा सदरा दाखवायचा, मागे पडली तर लाल. काही फेऱ्या पांढरा दिसला, मग लाल फडकला. त्यासरशी झाटोपेक मागून पुढे आला आणि फिनलंडच्या विश्वविक्रमवीर विल्यो हाइनोला त्याने मागे टाकले. हाइनोने शर्यतच सोडली. झाटोपेकची वेळ २९ मि. ५९.६ से.; दुसरा आलेला फ्रान्सचा अलँ मिमून ४७ सेकंदांहून जास्त मागे होता. ५,००० मीटरच्या अंतिम शर्यतीत मात्र तो फार उशिरा जागा झाला. शेवटच्या फेरीत मोठे अंतर कापत आला, तरी बेल्जियमचा गास्ताँ रेफ ०.२ सेकंदाने जिंकला.

त्यानंतरची सहा वर्षे त्याची. १०,००० मीटरच्या सलग ३८ शर्यती त्याने जिंकल्या. १९५० मध्ये अन्नातून विषबाधा होऊन तो रुग्णालयात पडला होता. तिथून उठून थोड्याच दिवसांत ब्रसेल्सच्या युरोपीय स्पर्धेत त्याने ५,००० व १०,००० मीटरच्या दोन्ही शर्यती मोठ्या फरकाने जिंकल्या. सप्टेंबर १९५१ मध्ये एका तासात २० किलोमीटरहून अधिक धावणारा तो पहिला माणूस ठरला.

हेलसिंकीला जाण्याआधीच एक पेच उभा राहिला. स्टानिस्लाव्ह युंगविर्ट या धावपटूचे वडील राजकीय कैदी होते, म्हणून त्याला संघातून वगळले होते. तो येणार नसेल तर मीही नाही, असे सांगून झाटोपेक ठरलेल्या विमानात बसलाच नाही. लष्करी नोकरीत असलेल्या माणसाने १९५२ च्या कम्युनिस्ट चेकोस्लोव्हाकियात असे करणे म्हणजे विस्तवाशी खेळ होता. अखेर दोघेही गेले.

२० जुलैला १०,००० मीटरचे सुवर्ण त्याने सहज घेतले. २४ जुलैची ५,००० मीटर शर्यत मात्र शेवटच्या वळणावर ठरली. शेवटच्या फेरीची घंटा झाली तेव्हा तो पुढे होता, पण समोरच्या सरळ पट्ट्यात ब्रिटनचा ख्रिस चॅटवे, जर्मनीचा शाडे आणि मिमून तिघेही त्याला ओलांडून गेले. वळणावर बाहेरच्या बाजूने त्याने अशी मुसंडी मारली की तिघेही मागे पडले. चॅटवेचा पाय कडेला अडखळून तो पडला. वेळ १४ मि. ०६.६ से. त्याच दिवशी त्याची पत्नी डाना हिने भालाफेकीत सुवर्णपदक मिळवले. दोघांची जन्मतारीखही एकच, वर्षासकट. (आदल्याच दिवशी याच ऑलिंपिकमध्ये कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले होते.)

तीन दिवसांनी तो आयुष्यातली पहिली मॅरेथॉन धावला. वेग कसा ठेवायचा हे ठाऊक नसल्याने तो ब्रिटनच्या जिम पीटर्सला धरून राहिला. जगातली सर्वोत्तम वेळ तेव्हा पीटर्सच्या नावावर होती. वाटेत त्याने पीटर्सला वेग ठीक आहे ना, असे विचारले. पीटर्सने फुशारकीने कमी आहे म्हणून सांगितले. झाटोपेकने ते खरे मानून वेग वाढवला. पीटर्सच्या पायात गोळे आले व त्याला थांबावे लागले. झाटोपेक २ तास २३ मि. ०३.२ से. वेळेत एकटाच स्टेडियममध्ये शिरला.

कीर्ती हेलसिंकीची झाली, पण निव्वळ धावण्याचा विचार केला तर १९५४ चे तीन दिवस त्याहून मोठे मानायला हवेत. ३० मे रोजी पॅरिसजवळ कोलोंब येथे त्याने ५,००० मीटरचा गुंडर हेगचा बारा वर्षे जुना विक्रम मोडला (१३ मि. ५७.२ से.). १ जूनला ब्रसेल्समध्ये २८ मि. ५४.२ से. वेळ देऊन तो १०,००० मीटर २९ मिनिटांच्या आत धावणारा पहिला धावपटू झाला. लंडनला फेरीची सरासरी ७२ सेकंद होती, ती आता ६९ च्या थोडी वर आली होती. ५,००० चा विक्रम मात्र तीन महिनेच टिकला. बर्नच्या युरोपीय स्पर्धेत सोव्हिएत संघाच्या व्लादिमीर कुत्सने तो मोडला. झाटोपेक तिथे तिसरा आला, १०,००० मध्ये मात्र पहिला. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकला हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर तो मॅरेथॉन धावला आणि सहावा आला. जिंकला तो वर्षानुवर्षे त्याच्या मागे दुसरा येणारा मिमून. पुढच्याच वर्षी झाटोपेक निवृत्त झाला.

१९६८ च्या ‘प्राग वसंता’त, म्हणजे राजवट मोकळी करू पाहणाऱ्या सुधारणांच्या काळात, त्याने सुधारणावाद्यांची उघड बाजू घेतली. त्या चिरडायला सोव्हिएत रणगाडे आल्यावर कम्युनिस्ट पक्षातून आणि लष्करातून त्याची हकालपट्टी झाली आणि त्याला प्रागबाहेर विहिरींसाठी जमिनीत छिद्रे घेणाऱ्या पथकांत अंगमेहनतीचे काम करावे लागले. पुढे त्याने आपली भूमिका जाहीरपणे मागे घेतली. जुन्या सोबत्यांपैकी काहींना ते रुचले नाही. १९९० मध्ये नव्या राजवटीने त्याची प्रतिष्ठा अधिकृतपणे परत दिली.

तिन्ही शर्यतींचा घाट नंतर फिनलंडच्या लासे व्हिरेनने १९७६ मध्ये घातला. दोन सुवर्णे मिळाली, मॅरेथॉनमध्ये तो पाचवा आला. पॅरिस २०२४ मध्ये नेदरलँड्सच्या सिफान हसनने तिन्ही शर्यतींत पदके घेतली, दोन कांस्य आणि मॅरेथॉनचे सुवर्ण. तिची मॅरेथॉनची वेळ २ तास २२ मि. ५५ से. होती, म्हणजे झाटोपेकच्या हेलसिंकीतील वेळेपेक्षा आठ सेकंदांनी कमी.