खुलासा : १९ जूनला अमेरिकेतली गुलामगिरी संपली का?

जून आला की एक फॉरवर्ड फिरतो: ‘१९ जून १८६५ रोजी अमेरिकेतला शेवटचा गुलाम मुक्त झाला.’ अमेरिकेतल्या निवडणूक प्रचारसभांतूनही हे वाक्य कानी पडतं, त्यामुळे खरं वाटणं साहजिक आहे.

यादवी युद्धात राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी काढलेला गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ पासून लागू झाला, पण फक्त बंडखोर प्रदेशांपुरता, म्हणजे देशातून फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या भागांपुरता. टेक्सास त्यात होतं; तिथे संघराज्याचं, म्हणजे लिंकन यांच्या बाजूचं सैन्य पोहोचेपर्यंत मात्र तो कागदावरच राहिला. १९ जून १८६५ ला टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टन शहरात सैन्याने वाचून दाखवला तो त्याच्या अंमलाचा हुकूम. केंटकी आणि डेलावेअर ही राज्यं बंडात नव्हती, म्हणून जाहीरनामा त्यांना लागूच नव्हता. तिथली गुलामगिरी घटनेच्या तेराव्या दुरुस्तीने, म्हणजे डिसेंबर १८६५ मध्ये संपली. (गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीची मजुरी चालते, असा अपवाद त्या दुरुस्तीतही आहेच.)

पडताळायचं तर जाहीरनाम्याचा मजकूर काढा. त्यात राज्यांची यादी आहे, त्यात केंटकी आणि डेलावेअर शोधा; सापडणार नाहीत. मग दुरुस्तीची तारीख पाहा.

मग १९ जूनच का? टेक्सासमधल्या कृष्णवर्णीयांनी १८६६ पासून हा दिवस मुक्तीचा दिवस म्हणून स्वतः साजरा केला, पिढ्यान्‌पिढ्या जपला. म्हणूनच त्या दिवशी प्रचारसभा ठेवली की अनेकांना ते खुपतं.